खाणीतले ज्ञान ग्रंथात आणणारे शिक्षक : जॉर्जियस अ‍ॅग्रिकोला



तांदूळ रोळताना खडे तळाशी का राहतात, असे मुलांना विचारून बघा. खडे जड असतात, हे उत्तर लगेच येईल. मग पुढचा प्रश्न विचारा. पोत्यात महिनाभर पडून असलेल्या तांदळातले खडे आपोआप खाली का जात नाहीत? इथे वर्ग शांत होतो. या प्रश्नाच्या निमित्ताने आज एका शिक्षकाची ओळख करून घेऊया.

जॉर्जियस अ‍ॅग्रिकोला यांचा जन्म 24 मार्च 1494 रोजी जर्मनीतील ग्लाउखाऊ या गावी झाला. मूळ आडनाव बाउअर, म्हणजे शेतकरी. त्या काळच्या रीतीप्रमाणे त्यांनी त्याचे लॅटिन रूप घेतले. लाइपझिगला शिकून ते त्स्विकाऊच्या शाळेत लॅटिन आणि ग्रीक शिकवू लागले. 1520 मध्ये त्यांनी मुलांसाठी लॅटिन व्याकरणाचे छोटे पुस्तकही लिहिले. पुढे इटलीत वैद्यकशास्त्र शिकले आणि 1527 मध्ये योआखिमस्थाल या चांदीच्या खाणींच्या गावात वैद्य म्हणून रुजू झाले. हे गाव आज चेक प्रजासत्ताकात आहे.

रुग्ण बहुतेक खाणकामगारच. त्यांच्यामुळे अ‍ॅग्रिकोला खाणीत, भट्टीपाशी, धुण्याच्या हौदापाशी जाऊ लागले. तिथे त्यांनी काय पाहिले? खनिज आधी पाण्याच्या चाकावर चालणाऱ्या मुसळांनी कुटायचे. मग चाळून सारख्या आकाराचे कण एकत्र करायचे. हा चुरा चाळणीत घेऊन पाण्यात हलवायचा. थोड्याच वेळात हलका दगड वर येतो आणि धातूचे जड कण खाली बसतात. वरचा थर खरवडून टाकला की काम झाले. बारीक चुरा उतरत्या लाकडी पन्हळीतून पाण्याबरोबर सोडायचा. हलके वाहून जाते, जड तळाशी अडकते.

आता आपल्या प्रश्नाचे उत्तर बघा. ढीग स्थिर असतो तेव्हा कण एकमेकांना अडवून धरतात. तो हलू किंवा वाहू लागला की कणांमध्ये फटी पडतात. आकार सारखा असेल तर जड कण त्यांतून खाली सरकतात आणि हलके वर ढकलले जातात. पण आकारात फार फरक असेल तर गणित बिघडते, कारण लहान कण मोठ्यांच्या फटींतून खाली घरंगळतात. म्हणून तर कामगार आधी चाळत आणि मग धूत. त्यांना शास्त्र ठाऊक नव्हते, हाताला मात्र ठाऊक होते. आपल्याकडे सोनारांच्या दुकानातली धूळ धुऊन सोन्याचे कण काढणारे झारेकरी हेच करत आले.

असे ज्ञान लिहून ठेवण्याजोगे आहे, असे त्या काळी फार थोड्या विद्वानांना वाटे. कामगारांच्या शब्दांना लॅटिनमध्ये प्रतिशब्दच नव्हते. ते अ‍ॅग्रिकोलांना घडवावे लागले. सुमारे वीस वर्षे खपून त्यांनी ‘दे रे मेतालिका’ हा बारा भागांचा ग्रंथ सिद्ध केला. त्यातला आठवा भाग याच कुटण्या-चाळण्या-धुण्यावर आहे. अडीचशेहून अधिक लाकडी ठशांची चित्रे तयार व्हायला वेळ लागला, आणि तेवढ्यात 21 नोव्हेंबर 1555 रोजी केमनित्स येथे त्यांचे निधन झाले. या शहराचे ते महापौर राहिले होते. तरीही ते कॅथलिक असल्यामुळे प्रोटेस्टंट केमनित्सने त्यांना दफनाला जागा दिली नाही. शेवटी त्साइट्झ येथे त्यांचे दफन झाले. पुढच्याच वर्षी, 1556 मध्ये, ग्रंथ बाझेलला छापला गेला. तो त्यांना बघायला मिळाला नाही, पण पुढे शतकानुशतके खाणकामाचा आधारग्रंथ ठरला. 1912 मध्ये हर्बर्ट आणि लू हूव्हर या दांपत्याने त्याचे इंग्रजी भाषांतर केले. हेच हर्बर्ट हूव्हर पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले.

वर्गात करून बघा : काचेच्या बरणीत वाळलेले वाटाणे भरा, वर साधारण तेवढ्याच आकाराचे सायकलचे छर्रे टाका. आधी बरणी नुसती ठेवा, मग हलवा. छर्रे खाली जातील. नंतर तांदळाच्या डब्यात तळाशी सुपारी ठेवून तो वरखाली हलवा. सुपारी वर येईल. दोन्हींतला फरक मुलांनाच सांगू द्या.

आणि घरी जाऊन आईला किंवा आजीला तांदूळ रोळताना बघा, निरीक्षण वहीत लिहा, असा गृहपाठ जरूर द्या. अ‍ॅग्रिकोलांनी तरी वेगळे काय केले होते?