अन्वर सादात : दोस्त बदलले, दरवाजे उघडले, पण गरिबाच्या भाकरीचं काय?

वर्गात नकाशावर सुएझ कालवा दाखवताना आम्ही दोन नावं हमखास सांगतो. एक जमाल अब्दुल नासेर, दुसरं अन्वर सादात. नासेर यांचं नाव आपल्या घरातल्या बुजुर्गांच्या तोंडी असतं. सादात यांच्याबद्दल मात्र दोनच टोकं ऐकू येतात. कुणी त्यांना अमनचा शिलेदार म्हणतं, तर कुणी थेट गद्दार. आम्हाला वाटतं, हा माणूस समजून घ्यायचा तर आधी त्यांच्या देशाचा जमाखर्च बघावा लागेल.

गावातलं पोर ते राष्ट्राध्यक्ष

सादात यांचा जन्म २५ डिसेंबर १९१८ रोजी नाईल नदीच्या खोऱ्यातल्या मीत अबुल कोम या खेड्यात झाला. तेरा भावंडांचं कुटुंब. आईचं मूळ सुदानचं, त्यामुळे सादात रंगाने सावळे. गावच्या मकतबात कुरआन शिकले, पुढे कैरोत शाळा केली आणि १९३८ मध्ये लष्करी अकादमीतून अफसर होऊन बाहेर पडले. इंग्रजांना देशातून घालवायचं या ध्यासापायी त्यांनी जेल भोगली, फरारी राहिले, नोकरीही गमावली. २३ जुलै १९५२ रोजी नासेर आणि त्यांच्या साथीदारांनी बादशाह फारुकची सत्ता उलथवली. त्या सकाळी रेडिओवरून ही बातमी देशाला सांगणारा आवाज सादात यांचा होता.

नासेर यांनी समाजवादाचा रस्ता धरला. मोठ्या जमीनदारांच्या जमिनी काढून कसणाऱ्यांना दिल्या, १९५६ मध्ये सुएझ कालव्याचं राष्ट्रीयीकरण केलं, १९६१ मध्ये बँका आणि मोठे कारखाने सरकारजमा केले. शिक्षण मोफत, पदवीधराला सरकारी नोकरीची हमी, भाकरी स्वस्त. आस्वानचं धरण रशियाच्या मदतीने उभं राहिलं, हत्यारंही तिकडूनच आली. म्हणजे घरचा कारभार आणि बाहेरची दोस्ती एकाच धाग्यात ओवलेली होती. पण १९६७ च्या लढाईने सगळं विस्कटलं. सिनाई गेला, तिथलं तेल गेलं, कालवा बंद पडला. २८ सप्टेंबर १९७० रोजी नासेर यांचा इंतकाल झाला आणि रिकामी तिजोरी सादात यांच्या हाती आली.

रशियाचा हात सुटला

सुरुवातीला सादात यांना कुणी फारसं मोजत नव्हतं. पण मे १९७१ मध्ये त्यांनी पक्षातले विरोधक एका झटक्यात जेलमध्ये टाकले. त्याच महिन्यात रशियाशी मैत्रीचा करार केला आणि पुढच्याच वर्षी, जुलै १९७२ मध्ये, हजारो रशियन लष्करी सल्लागारांना परत पाठवलं! मागितलेली हत्यारं रशिया देत नाही, हा राग होताच. शिवाय सिनाई परत मिळवायचा तर इस्रायलवर वजन फक्त अमेरिकेचं चालतं, हे त्यांनी ओळखलं होतं.

६ ऑक्टोबर १९७३, १० रमजान. इजिप्तच्या फौजेने पंपांच्या पाण्याने इस्रायलची वाळूची भिंत फोडली आणि कालवा पार केला. पुढे लढाई उलटली, इस्रायली फौज कालव्याच्या अलीकडे घुसली, तरी १९६७ ची शरम धुतली गेली होती. या इज्जतीच्या जोरावर सादात यांनी अमेरिकेशी बोलणी केली. १९७४ मध्ये तुटलेले राजनैतिक संबंध जुळले आणि जूनमध्ये निक्सन कैरोला आले.

इन्फिताह : उघडलेला दरवाजा

त्याच जूनमध्ये ४३ क्रमांकाचा कायदा झाला. परदेशी भांडवलाला परवानगी, काही वर्षं करमाफी आणि कारखाना सरकारजमा होणार नाही याची हमी. याला अरबीत इन्फिताह म्हणतात, म्हणजे दरवाजा उघडणं. हिशोब साधा होता. पैसा अरबांचा, तंत्र पश्चिमेचं, मेहनत इजिप्तची. आता बघा, ज्याच्याकडून भांडवल हवं त्याच्याशी दुश्मनी करून कसं चालेल? म्हणूनच कायदा आणि दोस्ती बरोबरच बदलत गेली. ५ जून १९७५ रोजी कालवा जहाजांसाठी खुला झाला. मार्च १९७६ मध्ये रशियाशी केलेला करार रद्द झाला. अमेरिकेचा गहू येऊ लागला. लाखो इजिप्शियन कामगार आखातात गेले आणि त्यांच्या पैशावर गावातली घरं चालू लागली. आमच्या कोकणातल्या घरांना हे काही वेगळं समजावून सांगायला नको.

पण फायदा सगळ्यांना सारखा झाला नाही. कैरोत परदेशी बँका आल्या, आयातीचा माल आला, दलाल गब्बर झाले. कारखाने मात्र अपेक्षेइतके आले नाहीत. कर्ज वाढलं. कर्ज देणाऱ्या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने सबसिडी कमी करायचा आग्रह धरला आणि जानेवारी १९७७ मध्ये सरकारने रोजच्या खाण्याच्या वस्तू महाग केल्या. १८ आणि १९ जानेवारीला अलेक्झांड्रियापासून आस्वानपर्यंत लोक रस्त्यावर उतरले. फौज आणावी लागली, सत्तरहून अधिक माणसं मेली. सरकारला भाववाढ मागे घ्यावी लागली.

जेरुसलेमचा प्रवास

लढाईचा खर्च आता देशाला झेपत नव्हता. दहा महिन्यांनी, १९ नोव्हेंबर १९७७ रोजी, सादात जेरुसलेमला उतरले. बकरी ईदची नमाज त्यांनी मस्जिद अल-अक्सामध्ये अदा केली आणि त्याच दिवशी इस्रायलच्या संसदेत भाषण केलं. सप्टेंबर १९७८ मध्ये कॅम्प डेव्हिडचा समझोता झाला आणि २६ मार्च १९७९ रोजी तहावर सह्या झाल्या. सिनाई परत मिळायचं ठरलं, अमेरिकेची मोठी मदत सुरू झाली, बेगिन यांच्यासोबत नोबेलही मिळालं. पण फिलिस्तिनींच्या हाती काय आलं? स्वायत्ततेचं वचन, जे कागदावरच राहिलं. या वाटेवर सादात यांच्या दोन परराष्ट्रमंत्र्यांनी राजीनामे दिले. अरब लीगने इजिप्तला निलंबित केलं आणि कचेरी कैरोहून ट्युनिसला नेली. अरब सरकारांची मदत थांबली.

देशातही नाराजी वाढली. सप्टेंबर १९८१ मध्ये त्यांनी दीड हजारांहून अधिक लोकांना अटक केली. त्यात उलेमा होते, पत्रकार होते, डावे होते, ख्रिस्ती पाद्रीही होते. महिनाभरात, ६ ऑक्टोबरला, त्याच १९७३ च्या विजयाच्या संचलनात त्यांच्याच फौजेतल्या माणसांनी त्यांना गोळ्या घातल्या. सिनाई परत आला एप्रिल १९८२ मध्ये. तो बघायला ते राहिले नाहीत.

आम्हाला सर्वात जास्त बोलतो तो त्यांचा जनाजा. नासेर यांच्या जनाज्यात लाखो लोक रडत चालले होते. सादात यांच्या जनाज्याला अमेरिकेचे तीन माजी राष्ट्राध्यक्ष आले, अरब राष्ट्रप्रमुख बोटांवर मोजण्याइतके, आणि कैरोचे रस्ते शांत होते.

त्यांनी जमीन परत मिळवली, हे नाकारणं नाइन्साफी होईल. पण बाहेर नवे दोस्त जोडताना घरातला गरीब आणि शेजारचा भाऊ मागे सुटला, हेही तितकंच खरं. दरवाजा उघडणं गुन्हा नाही. मात्र उघडताना चूल कुणाची विझते, हे राज्यकर्त्याने आधी बघायला हवं. मुलांना आम्ही सादात गद्दार की शिलेदार हे सांगत नाही. त्यांच्यासमोर फळ्यावर जमाखर्च मांडतो. अल्लाह मरहूम यांची मगफिरत करो.