चेलोच्या एकाकी स्वराचा शोध : पाब्लो काझाल्स

१८९० सालची गोष्ट. बार्सिलोना बंदराजवळच्या एका रस्त्यावर जुन्या स्वरलिप्या विकणारे एक दुकान होते. तेरा वर्षांचा एक मुलगा वडिलांचा हात धरून त्या दुकानात शिरला. शहरातल्या एका कॅफेत तो चेलो वाजवीत असे आणि तेथील श्रोत्यांसाठी काही नवे मिळते का, हे पाहण्यासाठी बापलेक दुकाने धुंडाळीत होते. कागदांच्या ढिगाऱ्यातून एक जीर्ण प्रत त्याच्या हाती लागली. योहान सेबास्टियन बाख यांनी केवळ एका चेलोसाठी रचलेल्या सहा ‘सुईट’, म्हणजे सहा रचनामालिका, तिच्यात होत्या. असे काही अस्तित्वात आहे याची त्या मुलाला कल्पना नव्हती. त्याच्या गुरूंनीही त्यांचा कधी उल्लेख केला नव्हता. ती प्रत उराशी धरून तो घरी परतला. या मुलाचे नाव पाब्लो काझाल्स. मातृभाषेत, कातालानमध्ये, पाऊ.

२९ डिसेंबर १८७६ रोजी कातालोनियातील एल वेंद्रेल या लहानशा गावी त्यांचा जन्म झाला. वडील कार्लेस हे गावच्या चर्चमध्ये ऑर्गनवादक होते. आई पिलार यांचा जन्म अटलांटिकपल्याडच्या पोर्तो रिको बेटावरचा. वाळलेल्या भोपळ्याला तार लावून वडिलांनी करून दिलेले वाद्य हा पाब्लोचा पहिला चेलो. खरा चेलो त्याने अकराव्या वर्षी ऐकला आणि मग दुसरे कोणतेही वाद्य नको असा हट्ट धरला. मुलाला सुतारकाम शिकवावे, असे वडिलांना वाटत होते. आईने मात्र ते मानले नाही. १८८८ मध्ये ती मुलाला घेऊन बार्सिलोनाला गेली आणि नगरपालिकेच्या संगीत विद्यालयात त्याचे नाव घातले.

त्या काळी चेलो शिकणाऱ्याने उजव्या काखेत पुस्तक धरून सराव करायचा, अशी पद्धत होती. पुस्तक पडू नये म्हणून कोपर अंगाशी जखडलेले राही. काझाल्स यांनी हा हात मोकळा केला, डाव्या हाताच्या बोटांची चालही बदलली आणि गज तारेवर श्वासासारखा सहज फिरू लागला. कॅफेतले त्यांचे वादन ऐकून संगीतकार आल्बेनिझ यांनी माद्रिदच्या काउंट मोर्फी यांच्या नावे शिफारसपत्र दिले. त्यातून राजदरबाराचा आश्रय लाभला. पुढे शिक्षणासाठी ते ब्रसेल्सला गेले. पण तेथील अध्यापकांनी केलेली थट्टा सहन न होऊन त्यांनी पॅरिसची वाट धरली आणि मोर्फी यांची मदत बंद झाली. पॅरिसमध्ये आईने शिवणकाम करून घर चालवले. एके दिवशी तर तिने आपले लांबसडक केस कापून विकले. अखेर माय-लेक बार्सिलोनाला परतले. १८९९ मध्ये पॅरिसने त्याच तरुणाला डोक्यावर घेतले.

या सर्व काळात ती जीर्ण प्रत त्यांच्यासोबत होती. बाख यांनी या मालिका १७२० च्या सुमारास, क्योथेनच्या राजदरबारी असताना रचल्या. त्यांच्या हस्ताक्षरातली मूळ प्रत आज उपलब्ध नाही. पत्नी आना माग्दालेना हिने केलेल्या नकलेमुळे त्या आपल्यापर्यंत पोहोचल्या. एकोणिसाव्या शतकात त्या छापल्या गेल्या होत्या, परंतु वादक त्यांकडे बोटांच्या व्यायामाचे पाठ म्हणून पाहत. कोणी एखादा सुटा भाग मैफिलीत वाजवी. संपूर्ण मालिका वाजवण्याचा विचार क्वचितच कोणी करी. काझाल्स सुमारे बारा वर्षे त्यांचा एकांतात अभ्यास करीत राहिले. त्यानंतरच पूर्ण मालिका श्रोत्यांसमोर वाजवण्याचे धैर्य त्यांना झाले.

हा संकोच अनाठायी नव्हता. आपल्याकडच्या गवयाला निदान तंबोऱ्याचा आधार असतो. येथे तोही नाही. चार तारांचे एक वाद्य आणि एक गज, एवढ्यावर बाख यांनी स्वराकृती, खालचा खर्ज आणि त्यांमधला संवाद उभा केला आहे. एखादा खालचा स्वर क्षणभर स्पर्शून वादक वर निघून जातो आणि तो स्वर श्रोत्याच्या कानात रेंगाळत राहतो. न वाजलेले संगीत ऐकणाऱ्याने मनात पूर्ण करायचे असते. प्रत्येक मालिकेत सहा भाग आहेत : आरंभी प्रास्ताविक आणि मग जुन्या युरोपीय नृत्यांच्या चाली. नव्याने ऐकणाऱ्यासाठी पहिल्या मालिकेचे प्रास्ताविक हे प्रवेशद्वार आहे. तिसरी मालिका भरदार, प्रसन्न. तर पाचवीतील संथ साराबांद जवळजवळ निःशब्द.

एकट्याच्या वादनाइतकेच काझाल्स यांना चेंबर संगीतही प्रिय होते. तीन-चार वादकांनी दिवाणखान्यात बसून परस्परांशी गप्पा माराव्यात, तसे हे संगीत. पियानोवादक आल्फ्रेड कॉर्तो आणि व्हायोलिनवादक जाक तिबो यांच्यासह त्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी जमवलेले त्रिकूट जगभर गाजले. १९२६ मध्ये त्यांनी मुद्रित केलेले शुबर्ट यांचे बी-फ्लॅट त्रिकूट आजही रसिक शोधून ऐकतात. १९२० मध्ये काझाल्स यांनी बार्सिलोनात पदरचे पैसे घालून वाद्यवृंद उभारला आणि तुटपुंज्या वेतनावर राबणाऱ्या कामगारांसाठी मैफिलींची संस्था काढण्यास हातभार लावला.

जुलै १९३६ मध्ये बेथोवेन यांच्या नवव्या सिंफनीची तालीम चालू असताना लष्करी उठावाची बातमी येऊन थडकली. वादक पुन्हा कधी एकत्र येतील याची शाश्वती उरली नव्हती. म्हणून शेवटचा भाग पूर्ण वाजवूनच ते पांगले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, देश यादवीत होरपळत असताना, लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत साठीच्या उंबरठ्यावरील काझाल्स दुसरी आणि तिसरी मालिका मुद्रित करण्यास बसले. तबकडीच्या एका बाजूवर चार-साडेचार मिनिटांचेच वादन मावे. उरलेल्या चार मालिका १९३८ आणि १९३९ मध्ये पॅरिसला मुद्रित झाल्या. तोवर फ्रँको विजयी झाले होते आणि काझाल्स यांना मायदेश अंतरला होता.

फ्रान्सच्या सीमेवरील प्राद या गावी त्यांनी आसरा घेतला आणि छावण्यांत कोंबलेल्या देशबांधवांसाठी अन्न, कपडे, पैसा जमवण्यात स्वतःला गुंतवले. नाझी राजवटीत वाजवण्यास त्यांनी १९३३ पासूनच नकार दिला होता. व्याप्त फ्रान्समध्ये जर्मन अधिकारी दाराशी आले, तेव्हाही तो नकार कायम राहिला. युद्धानंतर दोस्त राष्ट्रे फ्रँकोंना हटवतील, अशी त्यांना आशा होती. ती फोल ठरली, तेव्हा १९४५ मध्ये इंग्लंडमधील दौरा आवरून त्यांनी जाहीर वादनच थांबवले. या मौनाने कुणाची सत्ता उलथणार नव्हती, आणि जगाला मात्र त्यांच्या वादनाला मुकावे लागले. अनेक चाहत्यांना हा हट्ट वाटला. काझाल्स यांच्यापाशी विरोधाचे दुसरे साधन नव्हते.

ते बाहेर येईनात, तेव्हा संगीत त्यांच्याकडे आले. १९५० हे बाख यांच्या निधनाचे दोनशेवे वर्ष. व्हायोलिनवादक अलेक्झांडर श्नायडर यांच्या पुढाकाराने आयझॅक स्टर्न, रुडोल्फ सेर्किन यांच्यासारखे कलावंत प्रादला जमले आणि गावच्या चर्चमध्ये महोत्सव भरला. १९५२ मध्ये याच गावी मुद्रित झालेले शुबर्ट यांचे पंचक चेंबर संगीताची गोडी लावणारे आहे.

पुढे ते आईच्या जन्मभूमीत, पोर्तो रिकोत, स्थायिक झाले. फ्रँकोंना मान्यता देणाऱ्या देशांत न वाजवण्याच्या व्रताला १३ नोव्हेंबर १९६१ रोजी त्यांनी अपवाद केला. केनेडी यांच्या निमंत्रणावरून ते व्हाइट हाउसमध्ये वाजवले. यापूर्वी ते तेथे वाजवले होते १९०४ मध्ये. मैफिलीच्या शेवटी ‘पक्ष्यांचे गीत’ ही कातालान लोकधून होती. निर्वासनात हीच धून त्यांनी आपली निरोपाची खूण केली होती.

२२ ऑक्टोबर १९७३ रोजी पोर्तो रिकोत त्यांचे निधन झाले. फ्रँको त्यानंतर दोन वर्षांनी गेले. स्पेनमध्ये लोकशाही आली आणि १९७९ मध्ये काझाल्स यांचे अवशेष एल वेंद्रेलला आणून, जिथे वडिलांनी भोपळ्याचा चेलो केला होता त्या गावच्या मातीत ठेवण्यात आले.