न जमलेला ताळा

सारी नोकरी बँकेत गेल्यामुळे असेल, पण कोणत्याही देशाची नोट हाती आली की माझी नजर आकड्याआधी तिच्यावरच्या चेहऱ्याकडे जाते. नोटांवर बहुधा राजे असतात, राष्ट्रपुरुष असतात, क्वचित एखादा कवी असतो. काही वर्षांपूर्वी जपानहून आलेल्या भाच्याने हजार येनची नोट हातावर ठेवली. तिच्यावर कुरळ्या केसांचा, मिशीवाला, काहीसा त्रासिक डोळ्यांचा एक माणूस होता. हा कोण राजा, म्हणून विचारले, तर तो निघाला एका गरीब शेतकऱ्याचा मुलगा. डॉक्टर हिदेयो नोगुची. 2004 पासून 2024 पर्यंत जपानने त्यांचा चेहरा आपल्या नोटेवर छापला. त्यांचा मृत्यू मात्र जपानपासून हजारो मैलांवर, पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर झाला. आपण लावलेला शोध खरा की खोटा, हे तपासायला ते तिथे गेले होते.

नोटेवर फक्त चेहरा आहे, हात नाहीत. नोगुचींची कहाणी सुरू होते ती मात्र हातापासून.

9 नोव्हेंबर 1876 रोजी फुकुशिमा प्रांतात, इनावाशिरो सरोवराकाठच्या एका खेड्यात हा मुलगा जन्मला. नाव ठेवले सेइसाकू. बाप दारूच्या आहारी गेलेला. घर चालायचे ते आई शिका हिच्या कष्टांवर. मूल दीड वर्षाचे असताना एके दिवशी आई कामात होती आणि रांगते मूल घराच्या मधोमध असलेल्या चुलाण्यात पडले. डावा हात होरपळला. बोटे एकमेकांना चिकटून मुठीचा नुसता गोळा उरला. आपण नजर काढली त्या क्षणाची टोचणी आईला जन्मभर पुरली. हा हात नांगर धरणार नाही, तेव्हा मुलाने शिकलेच पाहिजे, असे तिने मनाशी पक्के केले. त्यासाठी तिने शेतात मजुरी केली, घाटातून ओझी वाहिली.

शाळेत पोरे हाताला चिडवीत. पण पुढे याच पोरांनी आणि शिक्षकांनी मिळून वर्गणी काढली आणि 1892 मध्ये वाकामात्सु गावी अमेरिकेत शिकून आलेल्या डॉ. वातानाबे यांनी त्या हातावर शस्त्रक्रिया केली. बोटे सुटी झाली. हात पूर्ण बरा झाला नाही, पण वस्तू धरता येऊ लागली. सोळा वर्षांच्या मुलाला एवढे पुरेसे होते. आपणही डॉक्टर व्हायचे, हे त्याने त्याच दवाखान्यात ठरवले आणि तिथेच उमेदवारी सुरू केली.

1897 मध्ये, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षाच्या आसपास, ते वैद्यकीचा परवाना मिळवून बसले. पुढे एक गमतीची गोष्ट घडली. त्सुबोउची शोयो या लेखकाची एक कादंबरी त्यांच्या हाती आली. तिच्यातला एक वैद्यकीचा विद्यार्थी बुद्धिमान, पण उधळ्या आणि व्यसनी. आणि त्याचे नाव जवळजवळ यांच्याच नावासारखे! नोगुची हादरले. कारण उधळेपणा त्यांच्याही अंगी होता. त्यांनी नावच बदलून टाकले. सेइसाकूचा हिदेयो झाला. कादंबरी लिहिणाऱ्या माणसाला आपल्या पात्राचा असा परिणाम झालेला ऐकून हेवाच वाटावा! पण नाव बदलले तरी स्वभाव बदलला नाही. अमेरिकेला जाण्याच्या खर्चासाठी त्यांनी एका मुलीशी लग्न ठरवून हुंड्याची रक्कम घेतली आणि त्यातली बरीचशी निरोपाच्या मेजवानीत उडवली. शेवटी चिवाकी नावाच्या एका दंतवैद्य स्नेह्याने पदरमोड करून त्यांना बोटीत बसवले. ते लग्न कधी झालेच नाही.

त्याआधी त्यांच्या हातून एक चांगले काम झाले होते. 1899 मध्ये योकोहामा बंदरावर तपासणी डॉक्टर असताना एका बोटीवरचा प्लेगचा रोगी त्यांनी हेरला. 1896 पासून मुंबई-पुण्याने जो प्लेग भोगला, त्याच साथीची ही लाट होती. त्याच वर्षी सायमन फ्लेक्सनर हे अमेरिकन प्राध्यापक टोकियोला आले असताना नोगुचींनी त्यांना दुभाष्या म्हणून सोबत केली. फ्लेक्सनर सहज काहीतरी सौजन्याचे बोलले असतील. नोगुचींनी ते आमंत्रण मानले आणि 1900 च्या डिसेंबरात फिलाडेल्फियात थेट त्यांच्या दारात उभे राहिले.

फ्लेक्सनरनी त्यांना सापाच्या विषावर कामाला लावले. अधू हाताने जिवंत विषारी सापांचे काम! पण या माणसाला झोप ठाऊक नव्हती. 1904 मध्ये न्यूयॉर्कच्या नव्या रॉकफेलर संस्थेत ते दाखल झाले. 1913 मध्ये त्यांच्या हातून जन्मातले सर्वात भक्कम काम झाले. त्या काळी वेड्यांच्या इस्पितळांत असे असंख्य रोगी असत, की ज्यांची बुद्धी आणि हातपाय हळूहळू जात. मरण पावलेल्या अशा रोग्यांच्या मेंदूचे काप रात्र रात्र सूक्ष्मदर्शकाखाली पाहून नोगुचींनी त्यांत उपदंशाचे, म्हणजे गरमीचे, जंतू दाखवून दिले. वेडाच्या एका प्रकारामागे जंतू असतो, हे सिद्ध झाले. नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव पुनःपुन्हा सुचवले जाऊ लागले.

मात्र याच काळात त्यांच्या कामात एक खोट दिसू लागली होती. 1911 मध्ये उपदंशाचा जंतू आपण शुद्ध स्वरूपात वाढवला, असे त्यांनी जाहीर केले. इतरांना ते कधी जमले नाही. त्याच रोगाच्या त्वचेवरील चाचणीसाठी त्यांनी रुग्णालयांतले रोगी आणि निरोगी मुले यांना टोचले, त्यांत अनाथ मुलेही होती. संमती कुणाची घेतली नव्हती. न्यूयॉर्कात त्यावर गदारोळ उठला. घाई, एकट्याने काम करण्याची सवय आणि यशाची भूक, या तीन गोष्टी त्यांच्यात एकत्र नांदत होत्या. गरिबीतून वर आलेल्या माणसाला थांबण्याची भीती वाटते, हे समजू शकते. पण विज्ञानाला त्याची गरिबी दाखवून चालत नाही.

गावी आई म्हातारी होत होती. लेकाला पत्र लिहिता यावे म्हणून शिकाने अक्षरे गिरवली आणि एकदा तरी येऊन भेट, अशी विनवणी करणारे वेडेवाकडे पत्र तिने 1912 मध्ये धाडले. ते आजही जपून ठेवलेले आहे. 1915 मध्ये पंधरा वर्षांनी मुलगा परत आला, आईला घेऊन मोठी शहरे हिंडला आणि पुन्हा गेला. 1918 मध्ये ती वारली, तेव्हा तो जवळ नव्हता.

त्याच 1918 च्या उन्हाळ्यात नोगुची दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोर देशाच्या ग्वायाकिल बंदरात उतरले. तिथे पीतज्वराने, म्हणजे यलो फीव्हरने, थैमान मांडले होते. तीव्र ताप, कावीळ, काळी ओकारी आणि मृत्यू, असा हा रोग. आपल्याकडे डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती हाच डास तो पसरवतो, हे 1900 मध्ये क्युबात सिद्ध झाले होते. रोगाचे बीज इतके बारीक की जंतू अडवणाऱ्या गाळणीतूनही पार होते, हेही कळले होते. पण ते बीज कुणी पाहिले नव्हते. नोगुचींना थोड्याच दिवसांत रोग्यांच्या रक्तात मळसूत्रासारखा एक जंतू सापडला. त्यांनी त्याला नाव दिले, त्याची लस बनवली, आणि ती हजारोंना टोचली गेली. जगाने टाळ्या वाजवल्या.

चूक कुठे झाली? महाराष्ट्रातल्या वाचकाला ती चटकन कळेल. पावसाळ्यात उंदरांच्या मुतामुळे दूषित झालेल्या पाण्यातून होणारा लेप्टो आपल्याला ठाऊक आहे. 2005 च्या जुलैतल्या महापुरानंतर मुंबईने तो चांगलाच भोगला. लेप्टोतही ताप येतो, कावीळ होते, रक्तस्राव होतो. रोग्याच्या खाटेशी उभे राहून दोन्हींतला फरक सांगणे कठीण. नोगुचींना सापडला होता तो लेप्टोचा जंतू. पीतज्वराचे म्हणून ज्यांचे रक्त त्यांच्याकडे आले, त्यांतल्या काहींना लेप्टो झालेला होता. क्युबाच्या डॉक्टरांनी शंका काढली, आणि 1926 मध्ये मॅक्स थायलर आणि सेलार्ड्स यांनी अमेरिकेत दोन्ही जंतू पडताळून ते एकच असल्याचे दाखवले. नोगुचींना ते मान्य करता आले नाही.

बँकेत दिवसाचा हिशेब जमला नाही, तर फरकाची रक्कम सस्पेन्स खात्यात टाकून घरी जाण्याचा मोह प्रत्येकाला होतो. आज नाही तर उद्या सापडेल, असे माणूस स्वतःला समजावतो. फरक मात्र जागचा हलत नाही. नोगुचींनी आठ-नऊ वर्षे हेच केले. अखेर खाते उघडायची वेळ आली ती आफ्रिकेत.

रॉकफेलर फाउंडेशनने 1925 मध्ये नायजेरियात लागोसजवळ पीतज्वराचे संशोधन केंद्र उघडले होते. त्यांना तिथल्या रोग्यांत नोगुचींचा जंतू एकदाही आढळला नाही. 1927 च्या जूनअखेर, आजच्या घानातील क्पेवे गावी, असिबी नावाच्या अठ्ठावीस वर्षांच्या एका आफ्रिकी माणसाला हा ताप आला. त्याचे रक्त काढून ऱ्हीसस माकडाला टोचण्यात आले. ऱ्हीसस म्हणजे उत्तर भारतात देवळांभोवती दिसणारे लाल तोंडाचे माकड. आफ्रिकेतल्या माकडांना या रोगाची फारशी बाधा होत नाही. हे आशियाई माकड मात्र मेले. प्रयोगशाळेत पीतज्वर प्रथमच हाती लागला, आणि त्याचे बीज म्हणजे गाळणीतून पार होणारा विषाणू हे स्पष्ट झाले. असिबी बरा झाला. हे काम करणारे आयरिश डॉक्टर एड्रियन स्टोक्स मात्र त्याच सप्टेंबरात पीतज्वरानेच गेले.

हे ऐकून नोगुची निघाले. एक्कावन्न वर्षांचे वय, मधुमेहाने आणि अतिश्रमाने पोखरलेले शरीर, आणि जायचे ते स्टोक्सना गिळणाऱ्या मुलखात. नोव्हेंबर 1927 मध्ये ते गोल्ड कोस्टच्या आक्रा शहरात उतरले. गोल्ड कोस्ट म्हणजे आजचा घाना, क्षेत्रफळाने महाराष्ट्राहून लहान असा देश; तेव्हा तिथे इंग्रजांचे राज्य होते. लागोसच्या मंडळींबरोबर काम करायचे त्यांनी टाळले. कोर्ले-बू रुग्णालयाच्या आवारात इंग्रज डॉक्टर विल्यम यंग यांनी त्यांना जागा दिली. तिथे त्यांनी शेकडो माकडे आणवली आणि रात्रीचा दिवस केला. मध्यंतरी स्वतः आजारी पडून उठले. आपल्याला पीतज्वर होऊन गेला, आता पुन्हा होणार नाही, असा त्यांनी समज करून घेतला. महिने सरले. ज्या जंतूवर त्यांची कीर्ती उभी होती, तो आफ्रिकेतल्या एकाही नमुन्यात सापडेना.

मे 1928 मध्ये ते लागोसला जाऊन आले आणि परततानाच तापाने फणफणले. या वेळी तो खराच पीतज्वर होता. आपल्याला हे काही समजत नाही, असे ते शेवटच्या दिवसांत डॉ. यंग यांना म्हणाल्याचे सांगतात. 21 मे 1928 रोजी आक्रा येथे त्यांचा मृत्यू झाला. यंग यांनी त्यांचे शवविच्छेदन केले, आणि दहा दिवसांच्या आत यंगही त्याच रोगाने गेले.

नोगुचींचा देह न्यूयॉर्कला नेऊन पुरला. पण ज्या रक्तात त्यांचा जंतू नव्हता, त्या असिबीच्या रक्ताची गोष्ट पुढे चालू राहिली. त्यातला विषाणू कोंबडीच्या गर्भाच्या पेशींत वारंवार वाढवून मॅक्स थायलर यांनी 1937 मध्ये त्याची सौम्य जात तयार केली आणि तिची लस केली. नोगुचींची चूक दाखवणारे तेच हे थायलर. 1951 चे नोबेल त्यांना मिळाले. आजही घानाला किंवा नायजेरियाला नोकरी-धंद्यासाठी जाणारा मराठी माणूस निघण्यापूर्वी जी लस टोचून घेतो, ती याच वंशातली. भारतात डास तोच आहे, पण पीतज्वर नाही. तो येऊ नये म्हणूनच त्या देशांतून परतणाऱ्याकडे आपल्या विमानतळावर लशीचा दाखला मागतात. असिबीचे नाव मात्र कोणत्या नोटेवर छापलेले नाही.

आणि तरीही घाना नोगुचींना विसरला नाही. 1979 मध्ये जपानच्या साहाय्याने आक्राजवळ लेगॉन येथे घाना विद्यापीठात नोगुची स्मारक वैद्यकीय संशोधन संस्था उभी राहिली. मलेरिया, क्षय, पोलिओ यांवर आज तिथे घानाचेच शास्त्रज्ञ काम करतात. 2020 मध्ये कोविडची लाट आली, तेव्हा देशातल्या तपासण्यांचा मोठा भार याच संस्थेने उचलला. कोर्ले-बूमधली त्यांची प्रयोगशाळाही जतन करून ठेवली आहे.

चुकलेल्या माणसाचे स्मारक कशासाठी, असा प्रश्न माझ्याही मनात आला होता. त्यांच्या चुका लहान नव्हत्या. निरुपयोगी लशीवर विसंबून किती जण बेसावध राहिले असतील, आणि अनाथ मुलांच्या दंडांवर टोचलेल्या सुयांचे काय? ते सारे त्यांच्या खात्यावर नावेच राहील. पण न्यूयॉर्कच्या खुर्चीत बसून, प्रतिस्पर्ध्यांच्या निबंधांना उत्तरे लिहीत, ते आपली कीर्ती आणखी काही वर्षे सांभाळू शकले असते. तसे त्यांनी केले नाही. फरक सापडत नव्हता म्हणून ते मूळ वह्या पाहायला, जीव धोक्यात घालून, स्वतः गेले. उत्तर मिळाले ते त्यांच्याच रक्तात.

भाच्याने दिलेली ती नोट मी मोडली नाही. जुलै 2024 पासून जपानच्या हजार येनच्या नव्या नोटेवर कितासातो आले आहेत. तरुण नोगुचींना टोकियोत आपल्या संस्थेत जागा देणारे तेच हे कितासातो. जुनी नोट तिथे अजून चालते, असे भाचा सांगतो. माझ्याकडे ती पासबुकाच्या पाकिटात आहे. कधी एखादा हिशेब जमत नाही आणि चूक आपली नसेलच असे वाटू लागते, तेव्हा मी ती काढून पाहतो.