प्लेगात मेलेल्यांबरोबर जगलेलेही मोजणारा हाफकिन

उसाच्या फडात साप चावला की बारामती-इंदापूरकडचा माणूस सरकारी दवाखान्यात धावतो. तिथल्या लशीच्या बाटलीवर बऱ्याचदा हाफकिन हे नाव असतं. ते मूळचं एका माणसाचं.

वाल्देमार हाफकिन 1860 साली ओडेसात ज्यू कुटुंबात जन्मले. शिक्षणानं डॉक्टर नव्हते, प्राणिशास्त्र शिकलेले. पॅरिसला पाश्चर यांच्या संस्थेत त्यांनी पटकीची लस शोधली आणि 1893 ला ती घेऊन भारतात आले. 1896 ला मुंबईत प्लेग शिरला. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या तुटपुंज्या जागेत त्यांनी तीनेक महिन्यांत लस बनवली आणि 10 जानेवारी 1897 ला आधी स्वतःला टोचून घेतली.

पण हा रोग शंभरातले किती मारतो, हे ठरवायचं कसं? पुण्यात सोजीर घरात घुसून आजारी माणूस उचलून न्यायचे, म्हणून लोक रोगी लपवत. आजारी किती हेच माहीत नाही, तर कागदावरच्या आकड्याला काय अर्थ? कोरोनात आपण हेच बघितलं. तपासणी झाली तेवढेच मोजले गेले.

1898 ला बडोद्याजवळच्या उंढेरा गावात हाफकिननी घरटी निम्म्या माणसांना लस टोचली, निम्मी तशीच ठेवली. एकच घर, एकच चूल. (असं निम्म्यांना वगळणं आज मनाला पटत नाही.) नंतर घरोघर मोजदाद झाली. प्लेग शिरला होता 28 घरांत. तिथल्या बिनलशीच्या 64 जणांपैकी 27 आजारी पडले आणि 26 गेले. लस घेतलेल्या 71 पैकी आजारी 8, गेले 3. म्हणजे बिनलशीच्या माणसाला प्लेग झाला की तो वाचतच नव्हता म्हणा. पण त्याच 64 मधल्या 37 जणांना रोग शिवलाही नाही. भीती घालणाऱ्याला पहिला आकडा पुरतो, खरं बघायला दोन्ही लागतात.

1902 ला पंजाबातल्या मलकोवाल गावी लस घेतलेले 19 जण धनुर्वातानं मेले. ठपका हाफकिनवर आला, कामावरून दूर केलं. तिथंही मोजणीच कामाला आली. त्या दिवशी टोचलेले 107, मेलेले 19 सगळे एकाच बाटलीतले. बाकीच्या बाटल्यांची लस घेतलेल्यांना काही झालं नाही. तरी निर्दोष ठरायला 1907 उजाडलं.

परळच्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव 1925 ला मिळालं. 1930 ला ते स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात वारले.