पिलांची पारख सोपी करणारा शास्त्रज्ञ

जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला आनुवंशिकतेची गणिते सोडविताना 'पनेट चौकोन' काढावाच लागतो. ज्यांच्या नावाने हा चौकोन ओळखला जातो, त्या रेजिनाल्ड पनेट यांनी तेच शास्त्र कोंबड्यांच्या खुराड्यापर्यंत नेले, हे मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते.

पनेट यांचा जन्म २० जून १८७५ रोजी इंग्लंडमधील टनब्रिज येथे झाला. केंब्रिजमध्ये प्राणिशास्त्राचे शिक्षण घेतल्यावर ते विल्यम बेटसन यांचे सहकारी झाले आणि मेंडेलच्या सिद्धांताकडे वळले. १९०५ मध्ये त्यांचे 'मेंडेलिझम' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. १९१२ मध्ये ते केंब्रिजमधील आनुवंशिकीच्या अध्यासनाचे पहिले प्राध्यापक झाले.

अंड्यातून नुकतेच बाहेर आलेले पिल्लू नर की मादी, हे सहसा नुसत्या नजरेने कळत नाही. तुरा वाढेपर्यंत काही आठवडे थांबावे लागते आणि तोवर अंडी न देणाऱ्या नरांनाही दाणा घालावा लागतो. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये धान्याची टंचाई भासू लागली, तेव्हा हा खर्च जाचक ठरला. अन्नोत्पादन विभागासाठी काम करणाऱ्या पनेट यांनी पिसांच्या रंगाचा आधार घेण्याचे सुचविले. कोंबडीचे रंगाचे काही गुण लिंगसूत्राबरोबर जातात आणि आईकडून ते फक्त मुलग्यांना मिळतात. म्हणून सोनेरी कोंबडा आणि रुपेरी कोंबडी यांच्या संकरातून होणारे नर फिकट, तर माद्या तांबूस निपजतात. पहिल्याच दिवशी निवड करता येते.

परंतु ही खूण एकाच पिढीपुरती टिके. दर वेळी दोन जातींचा नवा संकर करावा लागे. पनेट आणि मायकेल पीझ यांनी पट्टेरी पिसांच्या जनुकाचा उपयोग करून १९२९ मध्ये 'कॅम्बार' ही जात तयार केली. नराला या जनुकाच्या दोन प्रती मिळतात, मादीला एकच. त्यामुळे नर पिलांची लव अधिक फिकट दिसते. ही खूण पिढ्यान्‌पिढ्या कायम राहते.

बेटसन यांच्यासह १९१० मध्ये त्यांनी सुरू केलेले 'जर्नल ऑफ जेनेटिक्स' पुढे जे. बी. एस. हाल्डेन यांच्यासोबत भारतात आले. पनेट १९४० मध्ये निवृत्त झाले आणि ३ जानेवारी १९६७ रोजी त्यांचे निधन झाले.

नर लवकर ओळखता येऊ लागले, तसे ते लवकर मारलेही जाऊ लागले. अंड्यांसाठीच्या जातींचे नर मांसासाठी पोसणे परवडत नाही, म्हणून जगभरात असंख्य पिल्ले जन्मदिनीच नष्ट केली जातात. जर्मनीने २०२२ पासून या प्रथेवर बंदी घातली असून आता अंड्यातच लिंग ओळखण्याची तंत्रे वापरली जात आहेत. दाणा वाचविण्यासाठी निघालेल्या विद्येला आता जीव वाचविण्याचाही विचार करावा लागत आहे.