आडतीपासून कारखान्याकडे : शेठ वालचंद हिराचंद

रेल्वे, जहाज, विमान आणि मोटार या चारही वाहनांच्या भारतीय इतिहासात ज्यांचे नाव आदराने घ्यावे लागते ते शेठ वालचंद हिराचंद दोशी हे सोलापूरच्या दिगंबर जैन घराण्यातले. त्यांच्या चरित्राचा विस्तार मोठा आहे. येथे त्यातील मोटारीच्या अध्यायावर अधिक भर दिला आहे. दुसऱ्याने बनविलेला माल विकून हिशेब चोख ठेवणे एवढ्यावर व्यापाऱ्याचे कर्तव्य संपते काय, हा प्रश्न त्या अध्यायात जितक्या तीव्रतेने उभा राहतो तितका अन्यत्र क्वचितच राहत असेल.

वालचंदजींचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे झाला. घराणे मूळचे सौराष्ट्रातील वांकानेरचे. व्यापाराच्या निमित्ताने ते महाराष्ट्रात आले आणि येथलेच झाले. वडील हिराचंद नेमचंद हे सुधारक वृत्तीचे गृहस्थ होते. १८८५ साली त्यांनी सोलापुरातून ‘जैन बोधक’ हे नियतकालिक सुरू केले. वालचंदजींच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत मातोश्रींचे निधन झाले. १८९९ मध्ये मॅट्रिक झाल्यावर मुंबईत व पुण्यास त्यांचे महाविद्यालयीन शिक्षण झाले. परंतु पदवी न घेताच ते घरच्या पेढीवर परतले. सावकारी आणि कापसाचा व्यापार यांत मात्र त्यांचे मन रमले नाही.

लक्ष्मणराव बळवंत फाटक हे रेल्वेतील पूर्वाश्रमीचे कारकून. त्यांच्याशी भागीदारी करून वालचंदजींनी बार्शी लाइट रेल्वेच्या येडशी ते तडवळे या टप्प्याचे कंत्राट घेतले. हा टप्पा तेव्हाच्या निजामी मुलखातला, म्हणजे आपल्या मराठवाड्यातलाच. पूर्णेसारख्या जंक्शनच्या गावी राहणाऱ्यांना मातीचा भराव, खडी आणि मजूर यांचे मोल सांगावे लागत नाही. अनुभव फाटकांचा आणि भांडवल दोशी घराण्याचे, अशी ती जोडी होती. पुढे बोरघाटातील बोगदे, सिंधू नदीवरील कालाबागचा पूल अशी मोठी कामे वालचंदजींच्या नावाशी जोडली गेली. १९२६ साली हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीची स्थापना झाली.

१९१९ मध्ये नरोत्तम मोरारजी प्रभृतींसह त्यांनी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. तिचे ‘लॉयल्टी’ हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाले. त्या स्मरणार्थ १९६४ पासून ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. परंतु इंग्रज कंपन्यांनी भाड्याचे दर पाडून या नव्या कंपनीचा श्वास कोंडला. अखेर १९२३ साली जहाजांची एकूण क्षमता ७५,००० टनांच्या आत ठेवण्याची अट सिंदियाला मान्य करावी लागली. माल आपला, बंदर आपले, पण ते वाहून नेण्याचा हक्क परक्याच्या मर्जीवर, हा अनुभव वालचंदजींच्या मनात खोल रुजला असावा.

मोटारीच्या बाबतीत तेव्हा काय चित्र होते? परदेशी कंपन्यांच्या मोटारी आयात होत. १९२८ साली जनरल मोटर्सने मुंबईत शिवडी येथे जोडणीचा कारखाना काढला. पुढे फोर्डनेही तोच मार्ग धरला. सुटे भाग खोक्यांतून बंदरात उतरत, येथे जोडले जात आणि शहरोशहरीच्या एजन्सींकडे जात. आपले व्यापारी त्या एजन्सी घेत, शोरूम सजवीत, दुरुस्तीखाना चालवीत. धंदा प्रतिष्ठेचा होता. पण गाडी कशी असावी, तिचा भाव काय, कमिशन किती, यांतले काहीच दुकानदाराच्या हाती नव्हते. आम्ही कापडवाले हे चांगले जाणतो. गिरणीने ठरविलेल्या भावात थान घ्यायचे आणि त्यावर थोडे चढवून विकायचे. ताकदीची कळ गिरणीतच राहते. मोटारीची ‘गिरणी’ तर सातासमुद्रापलीकडे होती.

ती येथे उभारावी असा ध्यास सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी घेतला होता. १९३५ साली परदेशातील कारखाने पाहून त्यांनी योजना तयार केली. ती प्रत्यक्षात आणण्याची जबाबदारी वालचंदजींनी पत्करली. मुंबई प्रांताच्या बाळासाहेब खेर मंत्रिमंडळाने सहानुभूती दाखविली, परंतु १९३९ मध्ये ते मंत्रिमंडळच सत्तेवरून गेले. म्हैसूर संस्थानही अनुकूल होते. तेथे वरिष्ठ इंग्रज सरकारचा विरोध आडवा आला. अमेरिकेत फोर्डशी बोलणी फिसकटली आणि अखेर १९४० साली क्रायस्लर कंपनीशी करार झाला. तोवर महायुद्ध पेटले होते. मोटारींचा कारखाना युद्धकार्यास आवश्यक नाही असे सरकारने ठरविल्याने यंत्रसामग्री आणण्याची वाट बंद झाली.

अमेरिकेच्या प्रवासातच विल्यम पॉली या विमानव्यावसायिकाशी त्यांची भेट झाली. त्यातून २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी जन्मास आली. मोटारीला नकार देणाऱ्या सरकारला विमानांची मात्र गरज होती. त्याच गरजेपोटी १९४२ मध्ये सरकारने वालचंदजींचा हिस्सा विकत घेऊन कंपनी ताब्यात घेतली. विशाखापट्टणमच्या जहाजबांधणी कारखान्याचा पायाही त्यांच्या पुढाकाराने २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते घातला गेला. तोही १९५२ मध्ये शासनाकडे गेला.

मोटारीचा हट्ट मात्र त्यांनी सोडला नाही. १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स लिमिटेड स्थापन झाली. मुंबईत कुर्ला येथे कारखाना उभा राहिला आणि १९४७ साली, म्हणजे स्वातंत्र्याच्याच वर्षी, तेथून गाड्या बाहेर पडू लागल्या. डॉज, प्लिमथ, डिसोटो, फार्गो ही त्या वाहनांची नावे. एकाच बनावटीचा ट्रक डॉज, डिसोटो आणि फार्गो अशा तीन नावांनी निरनिराळ्या विक्रेत्यांकडे जाई.

येथे एक रोखठोक प्रश्न विचारलाच पाहिजे. पहिल्या गाड्या परदेशी भागांतूनच जोडलेल्या होत्या. मग वालचंदजी तरी क्रायस्लरचे मोठे आडतेच झाले ना? उत्तर जमाखर्चाच्या वहीत शोधावे. आडत्याच्या वहीत खरेदीची बाजू पिढ्यान्‌पिढ्या तशीच राहते. कारखानदाराच्या वहीत दरवर्षी काही रकमा ‘विकत घेतले’ या खात्यातून ‘येथे बनविले’ या खात्याकडे सरकल्या पाहिजेत. कुर्ल्यात ते घडत गेले. स्थानिक उत्पादनाचा निश्चित कार्यक्रम असलेल्यांनाच परवानगी, असे धोरण १९५३ साली ठरले तेव्हा जनरल मोटर्स व फोर्ड यांनी येथील कारभार आवरता घेतला, प्रीमियर टिकली.

१९४९ मध्ये वालचंदजींना पक्षाघाताचा झटका आला आणि पुढल्याच वर्षी त्यांनी कारभारातून निवृत्ती घेतली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेतील सिद्धपूर येथे त्यांचे देहावसान झाले. कुर्ल्याहून १९५४ पासून निघालेली फियाट ११०० पाहण्यास ते नव्हते. तीच गाडी पुढे प्रीमियर पद्मिनी झाली आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून घराघरांत ओळखली गेली.

संरक्षणाची दुसरी बाजूही नोंदविणे प्रामाणिकपणाचे ठरेल. परवान्यांच्या त्या युगात विक्रेत्यास गाडी विकण्याचे श्रम उरले नाहीत. १९५९ च्या नियंत्रण आदेशानंतर नोंदणीच्या क्रमानेच गाडी द्यावयाची असल्याने शोरूममध्ये प्रतीक्षायादी सांभाळणे हेच काम झाले. ग्राहक वर्षानुवर्षे थांबला आणि गाडी फारशी बदलली नाही. बाजार खुला होताच ती मागे पडली आणि नव्या शतकाच्या उंबरठ्यावर पद्मिनीचे उत्पादन थांबले. ऑक्टोबर २०२३ अखेर शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाली.

म्हणून वालचंदजींचे कार्य व्यर्थ गेले असे मात्र नव्हे. बंगळूरचा विमानकारखाना आणि विशाखापट्टणमची गोदी देशाच्या मालकीने आजही चालू आहेत. इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर, सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय त्यांचे नाव सांगतात. ज्यांवरील ताबा हातून गेला तीच कामे अधिक टिकली, हा अपरिग्रहाचा एक निराळाच पाठ म्हणावा लागेल.

आमच्या पिढीने दुकाने सांभाळली, उधारी वसूल केली, मुलांना शिकविले. त्यात कमीपणा नाही. परंतु गल्ल्यावर बसलेल्या तरुणाने दिवसातून एकदा तरी समोरच्या मालाकडे पाहून, हा आपल्या गावात का बनू नये, असे स्वतःस विचारावे. सोलापूरच्या पेढीवरील एका तरुणाने तो प्रश्न विचारला आणि त्याच्या उत्तरासाठी आयुष्य वेचले. त्या थोर उद्योगपुरुषाच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.