स्वतःचा पंच : बॉबी जोन्स

क्रिकेट, हॉकी, फुटबॉल यांसारख्या खेळांत पंचांचा निर्णय अंतिम असतो. खेळाडूकडून नियमभंग झाला, तर पंच शिट्टी वाजवतात किंवा हात वर करतात. गोल्फ या खेळाची रीत मात्र वेगळी आहे. गोल्फचे मैदान कित्येक एकर पसरलेले असते. त्यावर ठरावीक अंतरांवर अठरा लहान खळगे असतात. काठीच्या फटक्याने चेंडू क्रमाक्रमाने या खळग्यांत पोहोचवायचा असतो. ज्याचे फटके सर्वांत कमी, तो विजयी. एवढ्या विस्तीर्ण मैदानावर प्रत्येक खेळाडूच्या पाठीशी पंच उभा राहू शकत नाही. म्हणून आपल्या हातून झालेली चूक खेळाडूने स्वतःच सांगावी, अशी या खेळात अपेक्षा असते. ही अपेक्षा ज्यांनी आपल्या वर्तनाने सार्थ केली, त्यांत अमेरिकेचे थोर गोल्फपटू बॉबी जोन्स यांचे नाव अग्रभागी आहे.

रॉबर्ट टायर जोन्स यांचा जन्म १७ मार्च १९०२ रोजी अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील अटलांटा शहरी झाला. वडील वकील होते. लहानपणी बॉबीची प्रकृती फार नाजूक होती. मुलाला मोकळी हवा मिळावी, म्हणून आईवडील शहराबाहेर ईस्ट लेक येथे गोल्फ मैदानाजवळ राहू लागले. तेथे स्ट्यूअर्ट मेडन नावाचे स्कॉटिश गोल्फशिक्षक होते. बॉबी त्यांच्या मागेमागे हिंडे, त्यांचे फटके निरखून पाही आणि तसेच मारण्याचा प्रयत्न करी. औपचारिक शिकवणीवाचून, केवळ निरीक्षणातून त्याने हा खेळ आत्मसात केला. १९१६ मध्ये, वयाच्या अवघ्या चौदाव्या वर्षी, तो अमेरिकेच्या राष्ट्रीय हौशी स्पर्धेत उतरला आणि त्याने दोन सामने जिंकले. वर्तमानपत्रे या बालखेळाडूचे कौतुक करू लागली.

परंतु लवकर मिळालेली कीर्ती पचवणे सोपे नसते. बॉबीचा स्वभाव अत्यंत तापट होता. फटका चुकला की तो काठी भिरकावून देई. पुढील सात वर्षे त्याला एकही मोठी स्पर्धा जिंकता आली नाही. १९२१ मध्ये स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज या गोल्फच्या माहेरघरी तो प्रथमच खेळला. तिसऱ्या फेरीत त्याचा खेळ बिघडत गेला, चेंडू वाळूच्या खड्ड्यात अडकला आणि रागाच्या भरात त्याने स्पर्धाच अर्धवट सोडली. त्याच वर्षी अमेरिकेतील एका स्पर्धेत त्याने फेकलेली काठी एका प्रेक्षक स्त्रीच्या पायाला लागली. तेव्हा राष्ट्रीय गोल्फ संघटनेच्या अध्यक्षांनी त्याला पत्र लिहून बजावले, की राग आवरला नाही, तर यापुढे स्पर्धांत खेळता येणार नाही.

हे शब्द बॉबीच्या मनाला लागले. खरा प्रतिस्पर्धी समोरचा खेळाडू नसून आपलाच संताप आहे, हे त्याला उमगले. सेंट अँड्र्यूज येथील वर्तनाची खंत तर त्याला आयुष्यभर राहिली. त्याने प्रयत्नपूर्वक मनावर ताबा मिळवला. संयमाचे फळ १९२३ मध्ये मिळाले. त्या वर्षी जोन्स यांनी अमेरिकेची खुली स्पर्धा जिंकली.

त्यांच्या जीवनातील खरी कसोटीची घटना १९२५ मधील आहे. मॅसॅच्युसेट्स राज्यातील वूस्टर येथे अमेरिकेची खुली स्पर्धा चालू होती. पहिल्याच फेरीत जोन्स यांचा चेंडू उंच गवतात गेला. फटक्यासाठी काठी टेकवताना गवत हलले आणि चेंडू किंचित सरकला. ते कोणाच्याही लक्षात आले नाही. जोन्स यांनी मात्र स्वतःहून ही गोष्ट सांगितली आणि आपल्या नावावर दंडाचा एक फटका धरण्याचा आग्रह केला. अधिकाऱ्यांनी विचारपूस केली; परंतु चेंडू हललेला पाहणारा एकही साक्षीदार मिळाला नाही. अखेर निर्णय त्यांच्यावरच सोपवण्यात आला. जोन्स यांनी दंड स्वीकारला.

त्या एका फटक्याची किंमत मोठी होती. स्पर्धेच्या शेवटी जोन्स आणि विली मॅकफार्लेन या दोघांचेही २९१ फटके झाले. दंड नसता, तर जोन्स तेथेच विजेते ठरले असते. बरोबरी सोडवण्यासाठी खेळलेल्या अठरा खळग्यांच्या फेरीतही बरोबरीच झाली. दुसऱ्या निर्णायक फेरीत जोन्स एका फटक्याने हरले. त्यांच्या प्रामाणिकपणाची सर्वत्र प्रशंसा होऊ लागली, तेव्हा त्यांना ती रुचली नाही. बँक लुटली नाही म्हणून कोणी माणसाचा सत्कार करत नाही, मग नियम पाळल्याबद्दल कौतुक कशासाठी, अशी त्यांची भूमिका होती.

जोन्स यांनी स्पर्धांत खेळून कधीही पैसा मिळवला नाही. ते अखेरपर्यंत हौशी खेळाडू राहिले. खेळत असतानाच त्यांनी अभियांत्रिकी आणि इंग्रजी साहित्य या विषयांच्या पदव्या मिळवल्या, कायद्याचा अभ्यास केला आणि वकिली सुरू केली. १९२७ मध्ये त्यांनी सेंट अँड्र्यूज येथेच ब्रिटनची खुली स्पर्धा जिंकली आणि मिळालेला चषक त्याच गावी ठेवला. १९३० मध्ये अमेरिका आणि ब्रिटन या दोन्ही देशांच्या खुल्या व हौशी अशा चारही प्रमुख स्पर्धा त्यांनी एकाच वर्षात जिंकल्या. आठ वर्षांत तेरा प्रमुख विजेतेपदे मिळवून वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, कीर्तीच्या शिखरावर असताना, त्यांनी स्पर्धात्मक खेळातून निवृत्ती घेतली. पुढे ऑगस्टा येथे त्यांनी सहकाऱ्यांसह गोल्फचे मैदान उभारले. तेथे १९३४ मध्ये सुरू झालेली स्पर्धा 'मास्टर्स' या नावाने जगप्रसिद्ध झाली.

उत्तरायुष्यात मज्जारज्जूच्या दुर्धर आजाराने त्यांना ग्रासले. १९४८ नंतर ते गोल्फ खेळू शकले नाहीत. पुढे काठ्यांचा आणि नंतर चाकांच्या खुर्चीचा आधार घ्यावा लागला; परंतु त्यांनी दैवाला दोष दिला नाही. १९५८ मध्ये सेंट अँड्र्यूज नगराने त्यांना आपले सन्माननीय नागरिकत्व बहाल केले. त्यापूर्वी हा मान मिळालेले अमेरिकन होते बेंजामिन फ्रँकलिन, तेही १७५९ मध्ये. ज्या मैदानावरून एक संतापी तरुण खेळ सोडून निघून गेला होता, त्याच गावाने त्याला आपलेसे केले.

१८ डिसेंबर १९७१ रोजी जोन्स यांचे निधन झाले. सेंट अँड्र्यूजच्या जुन्या मैदानावरील दहाव्या खळग्याला आज त्यांचे नाव आहे. खेळातील सचोटीबद्दल अमेरिकेची गोल्फ संघटना १९५५ पासून त्यांच्या नावाने पुरस्कार देते. त्यांनी जिंकलेल्या स्पर्धांची यादी मोठी आहे. तरीही वूस्टर येथे एका फटक्याने गमावलेली ती स्पर्धा लोक अधिक आदराने आठवतात. कोणी पाहत नसतानाही जो नियम पाळतो, तोच खरा खेळाडू होय.